सकाळी अकराचे फोन

आधी एक सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई स्वतःचं झाकतेय. चूक माझी होती. आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांची नंतर झाली, पण पहिली माझी.

मी हृदयविकार विभागात फोन करायचं काम करते. नर्स नाही, डॉक्टर नाही. नव्या औषधाची चाचणी चालू असली की त्यातल्या माणसांना दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारायचं, गोळ्या घेता का, सूज कशी आहे, दम लागतो का. सांगतील ते फॉर्मवर भरायचं. कुणी उचललाच नाही तर तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा लावून बघायचा, आणि तरी नाही लागला तर फॉर्मवर शिक्का मारायचा, ‘संपर्क तुटला’. नियमच तसा आहे. बारा वर्षं करतेय. सगळे मला फोनवाल्या बाई म्हणतात आणि माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही.

आमच्या खोलीतला फोन सकाळी अकरा ते बारा एवढाच मोकळा मिळतो. बाकी दिवसभर त्यावर रुग्णांना तपासणीच्या तारखा देणं चालतं. म्हणून मी अकराला फोन करायचे, फॉर्मवरच्या घरच्या नंबरवर. आता मला सांगा, अकराला घरात कोण असतं? कामाची माणसं कामावर, पोरं शाळेत. मागे राहतो तो आजारी माणूस. तो जिवंत असला तर फोन उचलतो. एवढी साधी गोष्ट, पण बारा वर्षांत माझ्या टाळक्यात शिरली नाही.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. छापखान्यात कामाला होते, नखांत शाई. हातात प्लास्टिकची पिशवी.

“हिच्या गोळ्या उरल्यात,” ते म्हणाले. “पाकिटं फोडलेली नाहीत. कुणाच्या तरी उपयोगी पडतील.”

मी नंबर विचारला, फॉर्म काढला. त्यावर शिक्का होता, खाली माझी सही.

“अहो, आम्ही तीनदा फोन केला होता,” मी म्हटलं. सवयीने जरा चढ्याच आवाजात म्हटलं.

“दिवसा घरी हीच असायची ना,” ते म्हणाले. सातव्या आठवड्यात ती न्हाणीघरात पडली आणि संपली. “सूज मात्र उतरली होती हो. कितीतरी दिवसांनी चपला घालायला लागली होती.” त्यांना त्याचंच समाधान वाटत होतं. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

ते गेले आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. कारण आदल्याच रविवारी माझी ताई मला पाय पुढे करून दाखवत होती. “बघ गं, चपला होतात मला!” ताई माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच माझी वेणी घातली, तिनेच मला उजवलं. तिचं हृदय अशक्त झालेलं, पाय भोपळ्यासारखे सुजायचे. चाचणीच्या दुसऱ्या तुकडीत तिचं नाव घाला म्हणून मीच मोठ्या डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागले होते. तिचा सहावा आठवडा चालू होता.

पहिल्या तुकडीतले शिक्के मारलेले फॉर्म मी मोजले. नव्या औषधाचे एकतीस. जुन्या औषधाचे फक्त चार. असं कसं? तर तुलनेसाठी जुनं औषध घेणाऱ्यांना दर आठवड्याला रक्त तपासायला यावं लागायचं. एखादा आला नाही की दुसऱ्या दिवशी चौकशी व्हायची. नव्या औषधाचं कौतुकच हे, की तपासणी नको, खेटे नको, घरी बसून गोळी घ्या. घरी बसून मेलं तरी कुणाला पत्ता नको! आणि मोठ्या डॉक्टरांनी या चाचणीवर जो लेख लिहिला होता, त्यात हे एकतीस जण नव्हतेच. संपर्क तुटला त्यांना हिशेबातून काढलं होतं. उरलेल्यांत नवं औषध जुन्याहून उजवं ठरलं होतं, आणि तो लेख छापायला गेला होता एका मोठ्या मासिकाकडे, जे वाचून गावोगावचे डॉक्टर औषधं लिहून देतात.

मी ते एकतीस नंबर वहीत उतरवले. रुग्णांची माहिती घरी न्यायची नसते, मला माहीत होतं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फोन लावत गेले. सव्वीस घरांत कुणीतरी उचलला. मला आधी वाटलं होतं, लोक खेकसतील. कुणी खेकसलं नाही. एक मुलगी होती, कपडे शिवण्याच्या दुकानात काम करणारी. आई गेली त्या सकाळचं सगळं सांगत बसली, गॅसवर दूध होतं, ते उतू गेलेलं कुणी बंदच केलं नाही. मी म्हटलं, “हळू सांग बाळा, मी लिहून घेतेय.” शेवटी म्हणाली, “उशिरा का होईना मॅडम, तुम्ही विचारलंत तरी.”

सव्वीसपैकी सतरा मेलेले. जवळजवळ सगळे सहाव्या ते नवव्या आठवड्यात.

मी तशीच ताईकडे गेले. गोळ्या बंद कर म्हटलं. तिने मला वेड्यात काढलं.

“फोन उचलता उचलता डॉक्टर झालीस वाटतं!”

“ताई, माणसं मेलीत गं.”

“आजारीच होती ना ती? मला बरं वाटतंय ते तुझ्या डोळ्यांवर येतंय का?” म्हणाली, आणि जिना चढून दाखवला. न थांबता चढली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मी तिचं गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं तर तिने दुसऱ्या दिवशी विभागातून नवीन आणलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. दुसऱ्या एका डॉक्टरकडे विचारायला गेले, तर ते म्हणाले, “मोठ्यांच्या औषधात मी हात घालणार नाही.” ताई ऐकणार तर फक्त मोठ्या डॉक्टरांचं. मी रात्र रात्र घड्याळाकडे बघत पडायचे. सातवा आठवडा लागला.

मग सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. आता हा माणूस वाईट आहे असं मला म्हणता येत नाही, हेच तर दुखणं आहे. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात रोज सकाळी येऊन जायचे. लांबून येणाऱ्या रुग्णांचे रक्त तपासायला येण्याचे हाल बघून त्यांनी सात वर्षं या औषधात घातली. त्यांच्या टेबलावर मासिकाच्या संपादकांचं पत्र होतं. लेख छापण्याआधी दोन जाणकार तो तपासतात, त्यांची नावं कुणालाही सांगत नाहीत. त्यांतल्या एका परीक्षकाने विचारलं होतं, ‘नव्या औषधाचे एकतीस आणि जुन्याचे चारच जण कसे हरवले? ज्यांनी फोन केले त्यांचं सही केलेलं निवेदन हवं.’

ती ओळ वाचली आणि मला रडू कोसळलं. अख्ख्या जगात कुणीतरी एक माणूस कुठल्यातरी खोलीत बसून नेमकं तेच विचारत होता!

मी वही काढून डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी सगळी पानं वाचली. चेहरा उतरला, नाही असं नाही.

“आजारी माणसं मरतात, बाई,” ते म्हणाले. “जुन्या औषधावरही मरतात.”

“मग दोन्हीकडचे मोजा की.”

“हे मोजता येत नाही. तुम्ही घरून फोन केलेत, नियमाबाहेर, रुग्णांची माहिती बाहेर नेऊन. ही वही मी बघितलेलीच नाही, समजलं?” मग त्यांनी एक कागद सरकवला. त्यावर टाइप केलेलं होतं, ‘प्रत्येक रुग्णाशी नियमानुसार तीन वेळा संपर्काचा प्रयत्न करण्यात आला. एकतीस जणांच्या प्रकृतीविषयी माझ्याकडे कोणतीही माहिती नाही.’

“पहिलं वाक्य खरं आहे,” मी म्हटलं. “दुसरं धादांत खोटं आहे.”

“लेख छापून येऊ दे. पुढची चाचणी मोठी करू, तिथे सगळं नीट बघू. शुक्रवारी चारपर्यंत कागद द्या.”

मी उठले तर ते मागून म्हणाले, “तुमची बहीण आहे ना दुसऱ्या तुकडीत? तुम्हाला एवढी काळजी असेल तर मी स्वतः तिला फोन करतो. तिला जुन्या औषधावर घेतो. शुक्रवारीच करतो.”

धमकी नव्हती. आवाज इतका मऊ होता की मला आधी उपकारच वाटले. जिन्यात पोचल्यावर कळलं, त्यांनी मला काय विकलं ते.

चार दिवस मी काय केलं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताईच्या दारात जाऊन उभी राहिले, तिने दार उघडलं नाही. मग मी माझ्या मते मोठी अक्कल चालवली. म्हटलं, आधी ताईला सोडवते. सही देते. ती एकदा त्या गोळ्यांतून सुटली की दुसऱ्याच दिवशी संपादकांना सगळं खरं लिहून पाठवते. त्यांचा ईमेलचा पत्ता टेबलावरच्या त्या पत्रात मी वाचला होता. दोन दिवसांच्या खोट्याने काय आभाळ कोसळणार?

शुक्रवारी पावणेचारला मी सही केली. डॉक्टर शब्दाला जागले, सहा वाजता ताईचा फोन आला, आठवड्याभराने पहिल्यांदा. “अगं, साहेबांनी स्वतः फोन केला! गोळ्या बदलल्यात. बघ, किती काळजी करतात.” मी हो हो म्हणत राहिले आणि फोन ठेवून जमिनीवर बसले. ताई वाचली होती. मला तेव्हा खरंच दुसरं काही वाटलं नाही, मी खोटं कशाला बोलू?

शनिवारी सकाळी मी संपादकांना ईमेलने पत्र पाठवलं. शिक्का, अकराचे फोन, सातचे फोन, सतरा जण, माझी खोटी सही, सगळं. नावं दिली नाहीत, ती देता येत नाहीत.

सोमवारी उत्तर आलं. भाषा फार सभ्य. त्यांनी म्हटलं होतं, ‘आपल्याच दोन परस्परविरोधी निवेदनांमुळे आम्ही संभ्रमात आहोत. आपली बहीण या चाचणीत आहे व आपण सध्या मानसिक ताणाखाली आहात, असं मुख्य लेखकांनी कळवलं आहे. चौकशी रीतसर होईल, तिला काही महिने लागतील. लेख गुरुवारच्या अंकात ठरल्याप्रमाणे येईल. तत्पूर्वी रुग्णांच्या कुटुंबीयांकडून थेट लेखी काही आल्यास त्याचा विचार करू.’ आणि खाली, मला नीट समजावं म्हणून की काय, त्या परीक्षकाचं शेवटचं मत जोडलं होतं. ‘फोन करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या स्वाक्षरी केलेल्या निवेदनामुळे माझी शंका पूर्ण दूर झाली आहे. आता माझी हरकत नाही.’

माझ्या बाजूचा तो एकच माणूस होता. त्याला मीच गप्प केलं होतं, माझ्या हाताने. तो कोण, कुठे राहतो, मला कधीच कळणार नाही. मी टेबलावर डोकं आपटून घेतलं, तारखा देणारी मुलगी घाबरून पाणी घेऊन आली. तिच्यावर उगाच ओरडले.

गुरुवारला तीन दिवस होते. घरी आले, स्टुलावर बसले आणि सात वाजता फोन लावायला घेतले. पहिल्या घरी कुणीतरी म्हणालं, आता तो विषय नको. दुसऱ्या घरी म्हणाले, विचार करून सांगतो. तिसरा त्या शिवणकामवाल्या मुलीला लावला.

“आईचं काय झालं ते तुला एका पत्त्यावर लिहून पाठवायचंय,” मी म्हटलं. “आजच.”

“पण मॅडम, मी सगळं सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही लिहून घेतलंत ना?”

“घेतलंय.”

“मग?”

बारा वर्षं मी फोनवर लोकांना प्रश्न विचारत आलेय. उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

“मी सही दिली की मला काही माहीत नाही,” मी म्हटलं. “तुझ्या आईचं मला काहीच माहीत नाही, असं लिहून दिलं. म्हणून आता माझं कुणी ऐकत नाही.”

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

“का पण?”

“माझी बहीण तेच औषध घेत होती. सही दिली तर तिचं बंद करणार होते.”

मला वाटलं, ठेवला फोन. ठेवलाच पाहिजे होता.

“वाचली का?” तिने विचारलं.

“वाचली.”

“बरं झालं,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर मी गिळला असता, चार शिव्या दिल्या असत्या तरी गिळल्या असत्या. तिला खरंच बरं वाटलं होतं. मग ती कुणालातरी पेन दे म्हणाली, आणि मला म्हणाली, “सांगा मॅडम, काय लिहायचं ते.”

मी वहीतलं तिच्या आईचं पान काढलं आणि तिनेच सांगितलेलं तिला वाचून दाखवायला लागले, “गॅसवर दूध होतं.”