म्हातारीच्या छातीचे ठोके

प्राणिसंग्रहालयातली यच्चयावत हरणं आपल्यावर जीव टाकतात, असा डॉक्टरांचा गोड गैरसमज होता. म्हातारीबद्दल तर खात्रीच. सोळा वर्षांपूर्वी ही हरणी आईच्या पोटात अडकली होती, आणि ह्यांनी बाह्या सरसावून तिला ओढून काढली होती. हा किस्सा घरी इतक्यांदा सांगून झाला होता, की हल्ली बायको पहिल्याच वाक्याला गॅस बंद करायच्या निमित्ताने उठायची.

आता त्याच म्हातारीच्या जिवाचा प्रश्न होता. वय झालेल्या हरणांची हृदयं तपासून शनिवारी यादी द्यायची होती. ज्यांचं हृदय थकलंय, त्यांचे हाल करायचे नाहीत, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं. त्यासाठी तळहाताएवढं यंत्र आलं होतं. छातीला टेकवलं की मोबाइलवर ठोक्यांचा आलेख उमटायचा. डॉक्टर पहिल्याच दिवशी ते साऱ्या आवारात मिरवून आले.

पण तीन आठवडे झाले तरी म्हातारीचे ठोके दीडशेच्या खाली येईनात. निवांत बसलेल्या हरणाचे साठ-सत्तर हवेत. "अगं, मीच आहे ना," डॉक्टर तिच्या कानाशी लाडाने म्हणत, आणि आकडा एकशे साठवर जाई. चारा घालणाऱ्या मावशी यंत्र धरून मुकाट बसत.

शुक्रवारी डॉक्टरांनी हात टेकले. यंत्र मावशींच्या हाती आणि मोबाइल खिडकीत तसाच चालू ठेवून, नाक पुसत, ते ऑफिसातून म्हातारीला झोपवायचा तो नकोसा फॉर्म आणायला गेले. परत येऊन आलेख मागे सरकवून बघतात तर काय, मधली दहा मिनिटं ठोके अडुसष्ट. दार उघडलं तिथून पुन्हा दीडशे.

डॉक्टर बाहेर गेले. आत आले. शहाण्या माणसाने असं सहा वेळा केलं, आणि सहाही वेळा तेच.

"मावशी, ही मला ओळखत नाही का हो?"

"ओळखते की. चांगलीच ओळखते. दर वर्षी सुया कोण टोचतं? खूर कापताना मान कोण दाबतं?"

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही तिच्या जन्माचं सांगत होतात. मध्ये कसं बोलायचं?"

एवढी पदवी, एवढा अनुभव पणाला लावून आपण तीन आठवडे फक्त आपलीच दहशत मोजत होतो, हे कळल्यावर डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना. वाईट तर फार वाटलं. घाबरलेल्या जिवाला आजारी ठरवून मारायला निघाले होते, वर डोळ्यांत पाणीही आणलं होतं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. निदान: हृदय ठणठणीत. त्रासाचं कारण: डॉक्टर. उपचार: डॉक्टरांनी जवळ जाऊ नये. खाली झोकात सही ठोकली.

मावशींनी वाचलं. "म्हणजे आता हिला बघायला कधी येणार?"

"येणार नाही. आलेख तुम्हीच पाठवत जा."

दारातून एकदा मागे वळून बघावंसं फार वाटलं त्यांना. पण हातातल्या मोबाइलवर आकडा उतरायला लागला होता. एकशे वीस, शंभर, नव्वद. ते तसेच चालत राहिले.