तिच्या हातची भिंत

ड्रायव्हर त्या भिंतीवर जाऊन बसला तो उठायचं नाव घेईना. बाकीच्यांनी पहारी आणल्या होत्या, हातमोजे चढवले होते, आणि हा मधोमध ठाण मांडून बसलेला.

"आधी ती पलीकडची पाडा," तो म्हणाला. "ती तर केव्हाच वाकडी झालीय."

"ती बंगल्याइतकी जुनी आहे काका, आणि वाकडी असली तरी घट्ट आहे," ताई म्हणाली.

ताई आर्किटेक्ट होती. जुन्या बंगल्याची ही दगडी बाग रानात पार गडप झाली होती, ती मोकळी करायचं वेड तिनंच दहा-बारा जणांना लावलं होतं. रविवारी जमायचं, झुडपं काढायची, आणि ढासळलेल्या भिंती चुन्याशिवाय, नुसत्या दगडावर दगड रचून पुन्हा उभ्या करायच्या. ड्रायव्हरची बायको त्यांतलीच. पायऱ्यांपासून हौदापर्यंतची भिंत तिनं एकटीनं रचली होती.

ड्रायव्हरनं जन्मभर बस चालवली. निवृत्त झाल्यावर तो दर रविवारी तिला स्कूटरवरून फाटकाशी सोडायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. ती गेल्यावर मात्र तो आत येऊ लागला. यायचं, भिंतीवरून एकदा हात फिरवायचा आणि मग तण उपटायला बसायचं. घरातल्या तिच्या साड्या तिच्या बहिणीनं नेल्या होत्या. तिच्या हातचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

"पोट सुटलंय भिंतीचं," ताई म्हणाली. "एक मोठी सर आली की खाली बसेल. खालच्या वाटेनं माणसं जातात."

"पोट माझंही सुटलंय. मला पाडता का?"

कुणीतरी हसलं. ताई त्याच्या शेजारी येऊन टेकली.

"आपण दर दोन हातांवर एक लांब दगड आरपार घालतो, काका. तोच भिंतीच्या दोन्ही बाजू धरून ठेवतो. हौदाकडच्या भागात तसा एकही नाही. नुसते छोटे छोटे दगड आहेत."

"तिला माहीत नसेल."

"असं कसं? नव्या माणसांना तीच तर शिकवायची," नर्स म्हणाली. नर्सही आता निवृत्त झाली होती. बागेत तिची आणि ड्रायव्हरच्या बायकोची जोडी होती.

ड्रायव्हर उठला. भिंतीच्या कडेकडेनं पायऱ्यांपर्यंत गेला आणि परत फिरला. पायऱ्यांशी एकेक दगड उशीएवढा होता. मग ते लहान होत गेले होते, आणि हौदाजवळ तर मुठीत मावतील असे.

"आम्ही चिडवायचो तिला," नर्स म्हणाली. "भिंत बांधतेस की माळ ओवतेस? ती नुसती हसायची." तिनं हौदाजवळच्या एका दगडावर बोट ठेवलं. "सगळी नोकरी वॉर्डात काढली मी. तरी लक्षात आलं नाही."

ड्रायव्हरला डॉक्टरांचा प्रश्न आठवला. आधी काही त्रास जाणवत नव्हता का? तेव्हा तो मोठ्या ऐटीत म्हणाला होता, छे हो, दर रविवारी दगड उचलते ती.

"मीच काढतो," तो म्हणाला. "कुणी हात लावू नका."

हौदाकडून त्यानं सुरुवात केली. एकेक दगड काढून, माती झटकून तो गवतावर ठेवत होता. जसजसा पायऱ्यांकडे सरकत गेला तसतसे दगड जड होत गेले, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटत होतं. दुपार कलली तेव्हा त्याचे हात एका लांब दगडाशी अडले. आरपार बसवलेला, जागचा न हललेला. ताईनं वाकून पाहिलं, पहारीनं ठोकून पाहिलं.

"इथून पायऱ्यांपर्यंत ठणठणीत आहे. एवढी राहू दे."

अर्धी तरी भिंत वाचली होती. ड्रायव्हर त्या दगडाकडे बघत राहिला.

"हा कधी बसवला तिनं?"

"आपण शेकोटी केली होती ना, त्या रविवारी," नर्स ताईला म्हणाली. "सगळे शेकत बसलो होतो. परत येऊन बघतो तर हिचा दगड बसवून झालेला."

शेकोटीचा रविवार ड्रायव्हरलाही आठवत होता, तिच्या शालीला धुराचा वास येत होता म्हणून. त्या सकाळी फाटकाशी उतरून ती लगेच आत गेली नव्हती. स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून उभी राहिली होती.

"आज तुम्हीही चला ना आत," ती म्हणाली होती. "एक मोठा दगड आहे. मला एकटीला झेपेलसं वाटत नाही."

त्यानं इंजिनही बंद केलं नव्हतं. "एवढी माणसं आहेत की आत. सांग त्यांना कुणाला तरी."

ती बरं म्हणाली होती. ती कुणालाही सांगणार नाही, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.