पहिल्या पानावरून खाली

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत कुणी मामा म्हणत नसे. मामा म्हणणारी एकच व्यक्ती जगात उरली होती, त्याची भाची, आणि ती दुसऱ्या शहरात राहत होती. रविवारी दुपारी तिचा फोन यायचा आणि बोलण्याचा विषय ठरलेला असायचा: मामाच्या दुकानाची वेबसाइट.

आधी असा विषय नव्हता. मामाची बहीण, म्हणजे भाचीची आई, गेली तेव्हा भाचीने दर आठवड्याला फोन करायचे मनावर घेतले. "मामा, जेवलास?" "जेवलो. तू?" "जेवले." इथे गाडी अडायची. दोघांनाही एकमेकांची काळजी होती, पण काळजीवर किती वेळ बोलणार? मग मामा पंख्याकडे बघत बसायचा आणि भाची तिकडे बहुधा भिंतीकडे. फोन ठेवताना दोघांनाही हायसे वाटे आणि त्याचीच लाज वाटे. हळूहळू आठवड्याचा पंधरवडा झाला.

अशाच एका फोनवर मामा सहज म्हणाला, "हल्ली दुकानात चिटपाखरू नसतं."

"मामा, तुझी साइट आहे ना?"

"आहे की. शेजारच्या चावीवाल्याने करून दिलीय."

भाचीची नोकरीच ती. लोक मोबाइलवर काही शोधू लागले की कुणाची साइट वर दिसावी आणि कुणाची खाली, याची झटापट ती दिवसभर करायची. तिने मामाची साइट उघडली आणि मोठ्याने वाचली. "आमच्या येथे शिवणयंत्रांची उत्कृष्ट, तत्पर व विश्वासार्ह सेवा दिली जाते. अरे मामा, हे काय लग्नपत्रिकेसारखं? असं कोण शोधतं?"

"मग कसं शोधतात?"

"एखाद्या बाईची मशीन बिघडलीय. तुझ्या दारात येऊन ती पहिलं वाक्य काय बोलते?"

मामाला विचार करावा लागला नाही. "दोरा सारखा तुटतो. नाहीतर, खाली गुंता होतो. म्हातारी माणसं म्हणतात, मशीन जड चालते."

"हेच! हेच कीवर्ड. ती दारात जे बोलते तेच मोबाइलवर लिहिते. तिला कुठे ठाऊक की बिघाड मशीनच्या आतल्या शटलमध्ये आहे? तुझ्या साइटवर सगळे शब्द तुझे आहेत, तिचा एकही नाही."

त्या दिवसापासून मामाने कान उघडे ठेवले. गिऱ्हाईक दारात काय बोलते ते तो जसेच्या तसे लक्षात ठेवायचा आणि रविवारी भाचीला सांगायचा. एकेका तक्रारीचे एकेक पान झाले. तक्रार मथळ्यात घालायची, पहिल्या ओळीत एकदा म्हणायची आणि मग घरच्या घरी काय करून बघावे ते सरळ सांगायचे. सुई उलटी बसली आहे का बघा. दोरा पुन्हा ओवा. एवढे करून नाही जमले तर दुकानात या. फोटोंनाही नावे द्यायची, नुसते आकडे नाहीत. सगळ्या पानांना एकच मथळा चालत नाही. मामा शिकत होता आणि त्याला मजा येत होती.

चुका झाल्याच. एकदा त्याला वाटले, शब्दांना एवढे महत्त्व आहे तर हात का आखडता घ्यावा? त्याने पान भरभरून लिहिले. भाची म्हणाली, "वाचून दाखव." तो वाचू लागला, "शिलाई मशीन दुरुस्ती हवी आहे? शिलाई मशीन दुरुस्तीसाठी आमच्या शिलाई मशीन दुरुस्ती दुकानात शिलाई मशीन दुरुस्ती..." पलीकडून हसण्याचा असा फवारा आला की मामाने फोन कानापासून लांब धरला.

"अरे, जप चालवलायस की काय? असं लिहिलं की सर्चवाले पान खाली ढकलतात. माणसाला वाचता येईल असं लिही."

आणखी एकदा तिने विचारले, "मामा, रोज सकाळी तुझ्याच भागातून कुणीतरी तुझं दुकान शोधतं, साइट उघडतं आणि लगेच बंद करतं. कोण रे?"

"मीच तो. बघतो, आहे ना जागेवर."

"धन्य आहेस! दुकानदार तू आणि गिऱ्हाईकही तूच."

असे दोघे हसत. मशीनवर बोलता बोलता बहिणीवर गाडी जायची, ती कशी बॉबिनचा दोरा दाताने तोडायची यावर. भाची म्हणायची, "आई मला पण ओरडायची, कात्री घे म्हणून, आणि स्वतः दातच वापरायची." विषय वेबसाइटचा असला की बाकीचे सगळे आपोआप यायचे. वेबसाइट नसली की काहीच येत नसे.

शोधाच्या यादीत साइट चढत गेली. चावीवाला रोज चिडवायचा, "काय हो, आज कितव्या पानावर?"

"दुसऱ्या."

"दुसऱ्या म्हणजे आपल्या गल्लीसारखंच. असून नसल्यासारखं."

मग एक दिवस मामाची साइट पहिल्या पानावर आली आणि तिथेच राहिली. शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई तीन मशीन घेऊन आली आणि म्हणाली, "मोबाइलवर लिहिलं, खाली गुंता होतो, तर तुमचंच नाव आलं." मामा दिवसभर मान वर करून वावरला. रविवारी त्याने ही हकीकत दोनदा सांगितली.

भाची खूश झाली. "झालं मग! मामा, तू पास. आता सारखं काही करायला नको. दोनेक महिन्यांनी बघू पुन्हा."

"हो, हो. बरोबर आहे," मामा म्हणाला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी नुसता संदेश आला, साइट छान चालली आहे. मामाने तो वाचला. दुकानाच्या मागच्या खोलीत एक खाट होती, एक शेगडी होती आणि एक खिडकी होती, जिच्यातून समोरच्या इमारतीची बिनखिडक्यांची भिंत दिसायची. ऊन त्या भिंतीवरून सरकत वर जायचे. मामाने एका मशीनला तेल दिले. तिला आदल्याच दिवशी दिले होते. फडक्याने पुसून त्याने ती पुन्हा झाकून ठेवली. बाहेर कुणाच्या तरी घरात माणसे जमली होती, भांड्यांचा आवाज येत होता.

तो स्वतः फोन करू शकला असता. पण मामाने आयुष्यात कुणालाही उगीच फोन केला नव्हता. काम असले की करायचा, काम झाले की ठेवायचा. बहीण होती तेव्हा तीच करायची आणि तीच बोलायची. आता भाचीला फोन लावून सांगणार काय? जेवलीस का?

नंतरच्या आठवड्यात एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्याने साइट उघडली. मशीनच्या सांध्यात मुद्दाम वाळूचा कण टाकायला निघालेल्या माणसासारखा तो जरा वेळ बसून राहिला. मग त्याने सगळ्या पानांना एकच मथळा दिला.

काही दिवसांत साइट घसरली आणि फोन आला.

"मामा! सगळ्या पानांना एकच मथळा? सांगितलं होतं ना मी?"

"मला वाटलं, दुकानाचं नाव ठळक दिसेल."

"तुझं डोकं मशीनमध्ये अडकलंय का रे? ऐक, पुन्हा सांगते." आणि तिने पुन्हा सगळे सांगितले, पहिल्यापासून, चिडून, लहान मुलाला सांगावे तसे. तिच्या चिडण्याचा सूर थेट बहिणीचा होता. मामा डोळे मिटून ऐकत राहिला.

मग त्याला सवयच लागली. एकदा त्याने ज्या शहरांत तो कधी गेला नव्हता त्यांची नावे पानाच्या तळाशी ओतली. एकदा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द दडवून ठेवले, म्हणजे माणसाला दिसू नयेत आणि यंत्राला दिसावेत. ही चोरी असते हे भाचीनेच त्याला सांगितले होते. दर वेळी ती कपाळाला हात लावायची, दुरुस्त करायची आणि वर अर्धा तास बोलायची. गणवेशवाली बाई म्हणाली, "काका, परवा तुमचं दुकान दिसेचना मोबाइलवर." मामा म्हणाला, "असं होतं कधी कधी."

एका रविवारी भाचीचा आवाज वेगळाच होता, उत्साहाने भरलेला.

"मामा, गुरुवारी आमच्या वरच्या लोकांसमोर माझं सादरीकरण आहे. छोट्या दुकानांसाठी वेगळा विभाग काढतायत. तो मला हवाय. मोठ्या कंपन्यांची हमाली करून कंटाळलेय मी. आणि मी काय दाखवणार, सांग?"

"काय?"

"तुला! शून्यातून पहिल्या पानावर. कागद नाही, आकडे नाहीत. भर सभेत मोबाइल काढायचा, 'मशीन खाली गुंता करते' लिहायचं आणि तुझं दुकान वर. आज सकाळीच बघितलं, आहेस जागेवर. आता चार दिवस काही हात लावू नकोस, बाबा."

मामा "नाही, नाही" म्हणाला. पुढच्या रविवारची सोय म्हणून त्याने आदल्या संध्याकाळीच हात लावून ठेवला होता. या वेळी काम मोठे होते. गुंत्याच्या त्याच पानावर त्याने जुना जप पुन्हा चढवला होता.

फोन ठेवताच त्याने पान पुसून पहिल्यासारखे केले. पण भाचीनेच शिकवले होते की सर्चवाले लगेच बघायला येत नाहीत. ते आपल्या वेळेने येतात, आणि खाली ढकललेले पान वर यायला आठवडे लागतात. ते पुसण्याआधी येऊन गेले असतील का? सोमवारी सकाळी उत्तर मिळाले. पहिल्या पानावर दुकान नव्हते. त्याने चावीवाल्याचा मोबाइल मागून घेतला, त्यावरही नव्हते. दुसऱ्या पानावर नव्हते. तिसऱ्याच्या शेवटी सापडले.

"घसरलात की हो," चावीवाला म्हणाला. "भाचीला सांगा, ती करेल."

दिवसभरात मामाच्या हातून एक सुई मोडली आणि एक स्क्रू हरवला. गप्प बसणे सोपे होते. भाची दर वेळी त्याच्या अडाणीपणावर विश्वास ठेवायची, आताही ठेवला असता. पण ती ते भर सभेत बघणार होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मंगळवारी दुपारी त्याने फोन लावला.

"मामा? काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे. माझी साइट दाखवू नकोस. तिसऱ्या पानावर गेलीय."

"काय? का? हात लावलास?"

"शनिवारी. तू सांगायच्या आधी."

"अरे देवा. मामा, किती वेळा समजावलं..."

"मला समजलेलं आहे, ढमे. पहिल्या वेळीच समजलं होतं. मथळे, शहरं, पांढरी अक्षरं, सगळं ठाऊक असूनच केलं."

पलीकडे कुणीतरी भराभर टाइप करत होते.

"मुद्दाम?"

"हो."

"पण का?"

"बिघडलं की तू फोन करतेस."

यावर ती विरघळली नाही. "मी रविवारचे रविवार त्यात घातलेत," ती म्हणाली. "आणि आता परवापर्यंत मी दुसरं काय उभं करू? ठेव. मला वेळ नाहीये." फोन बंद झाला.

गुरुवार गेला. शुक्रवारीही काही कळले नाही. मामाने साइट उघडली नाही, शोधूनही बघितले नाही. रविवारी तो जेवला, ताट धुतले आणि फोनसमोर बसला. फोन वाजणार नव्हता, हे त्याला कळत होते. शेवटी त्यानेच लावला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला.

"हं, बोल."

"काय झालं गुरुवारी?"

"विभाग दुसऱ्याला दिला. मला त्याच्या हाताखाली घेतलंय."

"माझ्यामुळे."

"थोडं तुझ्यामुळे," ती म्हणाली. तिकडे नळ सुरू झाला. ती भांडी घासत असावी. "साइटचं काय? अजून तिसऱ्यावर?"

"बघितली नाही. साइटसाठी फोन नाही केला."

"मग कशासाठी?"

पंखा फिरत होता, समोरच्या भिंतीवर ऊन अर्ध्यावर आले होते. ती फोन ठेवेल म्हणून तो थांबला. तिने ठेवला नाही, पण मदतही केली नाही. भांड्यावर भांडे पडल्याचा आवाज आला.

"काल एक मशीन आली," मामा अखेर म्हणाला. "हाताने फिरवायची, जुनी. काही बिघडलेलं नव्हतं तिच्यात. नुसता पट्टा ढिला होता."

"हं."

"पट्टा तर मिळत नाही आता तसला. मग मी काय केलं, दुसरा घेतला, मोठा, आणि तो कापून..."

"हं," भाची म्हणाली. नळ चालूच होता. मामा जरा मोठ्याने बोलू लागला.