लाल ठिपक्याचं नाणं

खातुना, आधी सगळं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट माहितीये ना तुला? वर जायचं तर डब्यात वीस तेत्रीचं नाणं टाकायचं, खाली यायला फुकट. तर तो डबा गेल्या महिन्यात कुणीतरी फोडला! सगळी चिल्लर गायब. आणि आमची लामारा मावशी, डब्याची किल्ली तिच्याकडे असते ना, ती जिन्यात उभी राहून ओरडतेय, "घरातलाच चोर आहे, सांगून ठेवते!"

आणि मी शहाणी! मी पटकन बोलून गेले, "एल्गुजा काका सारखे लिफ्टपाशीच उभे असतात."

खोटं नव्हतं गं ते. अकराव्या मजल्यावरचे एल्गुजा काका. पूर्वी विमानाच्या कारखान्यात होते. हातात पिशवी, आणि भिंतीवरच्या नोटिसा वाचत उभे. त्याच त्या नोटिसा! रोज! मी आले की विचारणार, "वर चाललीस का गं, नेस्तान?" आणि माझ्याबरोबर आत. नाणं मी टाकायचं. मी आठव्यावर उतरायचे, ते पुढे वर. माझ्या डोक्यात आलंच नाही की हा माणूस कुणीतरी नाणंवालं येण्याची वाट बघतोय. मला वाटलं, डब्यावर डोळा आहे.

गंमत म्हणजे बाराव्यावर आणखी एक मजला चढवलेला तो बेका, अंगणात दोन गाड्या आडव्या लावणारा, त्याच्याकडे लिफ्टची वेगळी किल्ली आहे. तो कधीच नाणं टाकत नाही. त्याच्यावर संशय? छे! त्याला तर मावशी "बेका राजा" म्हणते.

तर मावशीने काय करावं? नवीन डब्यातल्या नाण्यांवर नेलपॉलिशचा लाल ठिपका! "आता फोड म्हणावं! ज्याच्या हातात ठिपका, तो चोर." आणि नोव्हेंबरात गिओर्गोबाचा सण झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी डबा परत फुटला.

चार दिवसांनी माझ्याकडे चिल्लर नव्हती. काका होतेच नोटीस वाचत. मी म्हटलं, "आज चढावं लागणार." तर हा माणूस खिशात हात घालतो, नाणं काढतो आणि टाकतो! "आज माझ्याकडून," म्हणे. आणि मी बघितलं, खातुना. लाल ठिपका!

वर घरी आले, पण आईलासुद्धा सांगितलं नाही. म्हटलं, आधी खात्री करू. दुसऱ्या दिवशी काकांच्या मागे गेले. बस, पूल, नदीपलीकडचं चर्च. नातेला काकू, काकांची बायको गं, अंथरुणाला खिळलीये. ती सगळ्यांना सांगते, "आमचे हे गोदामावर राखणदार आहेत." राखणदार कुठले! चर्चच्या दारात, टोपी डोळ्यांवर ओढून, बायकांच्या रांगेत शेवटी बसलेले. हात पुढे.

आणि तेव्हा मला आठवलं. गिओर्गोबाला आई मला त्याच चर्चमध्ये घेऊन गेली होती. निघताना लामारा मावशीकडून नोट मोडून चिल्लर घेतली होती आम्ही. ती मोडून देते ना डब्यातूनच, अख्ख्या बिल्डिंगला! दारातल्या रांगेत मी प्रत्येकाच्या हातावर एकेक नाणं टेकवत गेले. एका नाण्यावर लाल दिसलं, म्हटलं माझ्याच नखाचा रंग लागला असेल. हातांकडे बघत होते गं मी. तोंडाकडे कोण बघतं?

म्हणजे ते नाणं मीच दिलं होतं. आणि डबा फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ते चोरीचं नव्हतंच!

आता काल काय झालं ऐक. संध्याकाळी सहाला अंगणात सगळे जमले. मावशीने मूठ उघडली, "हे चोरीला गेलेलं लाल नाणं पुन्हा डब्यात आलं! म्हणजे चोर इथंच उभा आहे. सोमवारपासून नाणी बंद, कार्ड मिळणार. चोराच्या घराला कार्ड नाही. चढू दे पायांनी!" आणि बघतेय सरळ एल्गुजा काकांकडे. बेका दात कोरत म्हणाला, "बोला की, काका, लाजता काय?"

अकरा मजले, खातुना. काकूचं औषध, पाव, सगळं त्यांनीच वर न्यायचं. खरं सांगावं तर काका चर्चच्या दारात बसतात हे अंगणभर होणार आणि रात्रीच्या आत काकूच्या कानावर जाणार. गप्प बसावं तर ते चोर.

माझं तोंड आपोआप उघडलं. "ते नाणं माझ्याकडे होतं. मावशी, तूच नोट मोडून दिलं होतंस."

"मी?" मावशी लाल. "मी ठिपकेवाली कधी बाहेर देतच नाही! आधी काकांचं नाव घेतलंस ते का? आपलं झाकायला?" झालं! आता सगळ्या नजरा माझ्यावर. आमचं कार्ड अडवलंय. आई कालपासून माझ्याशी बोलत नाहीये.

आणि काका? मान खाली. सगळे पांगले तसे तेही गेले, आणि खरं सांगू, बेकाबरोबर लिफ्टमधून गेले. मला वाटतं लाज वाटली असेल. पण मनात पाल चुकचुकतेच ना! एक नाणं मी दिलं, बाकीची कुठे गेली? डबा कुणी फोडला? ते गप्प का राहिले?

आज सकाळी ते परत नोटिसांपुढे उभे होते. माझ्याकडे नाणं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे, आणि मी जिन्याने वर गेले. आठ मजले.

तू असतीस तर काय केलं असतंस?