तिसऱ्या मजल्यावरचा वोल्फ्राम

माझा नवरा वोल्फ्राम अकरा महिने तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेला नाही. आधी गुडघे गेले, मग कंबर. आमच्या घराचा जिना सव्वाचारशे वर्षांचा, ओकच्या लाकडाचा, आणि इतका अरुंद की अँब्युलन्सवाली पोरं दोनदा डोकं खाजवत परत गेली. खाली गल्लीत अख्खा जर्मनी फोटो काढत फिरतो. आमच्या खिडकीतली लाल फुलंही त्यात येतात. फुलांमागे कोण बसलंय, ते येत नाही.

त्याला खाली आणायचा एकच मार्ग होता. जिन्याला रूळ ठोकून सरकती खुर्ची बसवायची. पण रूळ ठोकायचा म्हणजे जुन्या पेठेच्या वारसा समितीची परवानगी हवी, आणि त्या समितीचा अध्यक्ष बावीस वर्षं कोण होता? आमचाच वोल्फ्राम. लोकांच्या प्लास्टिकच्या खिडक्या, छपरावरच्या डिश, सगळं त्याने उतरवायला लावलं. मी कौतुकाने बघत बसायचे, मूर्खासारखी.

शेजारच्या लोहसेबाईंनी आईसाठी हीच खुर्ची मागितली होती. तीही त्यानेच नाकारली. म्हातारी चार वर्षं वरच अडकली आणि शेवटी शवपेटीतूनच खाली आली.

नव्या समितीने आमचा अर्ज दोन आठवड्यांत मंजूर केला. काळ बदलला म्हणे. फक्त दोन सह्या हव्या होत्या. भिंत सामाईक म्हणून शेजाऱ्यांची, आणि घरमालक म्हणून वोल्फ्रामची. लोहसेबाईंच्या दारात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पेन आहे का?" एवढंच त्या म्हणाल्या. सही करून कागद माझ्या हातात दिला. "आधी त्यांना नदीकाठी न्या. आई तेवढंच मागायची."

मी धापा टाकत वर आले आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"कर सही. सोमवारी कारागीर येतोय."

त्याने चष्मा लावला. लोहसेबाईंची सही कितीतरी वेळ बघत राहिला. मग पेनाचं टोपण परत लावलं.

"नाही जमणार, हेडा."

"जिना खराब होईल म्हणून? जळो तो जिना."

"जिन्याचं नाही गं. तिची आई चार वर्षं होती वर. माझे अकराच महिने झालेत."

मला रडू नाही आलं, संताप आला. "शिक्षा भोगायचीय होय तुला? भोग की खुशाल. पण तुझं जेवण वर कोण चढवतं? तुझं भांडं खाली कोण नेतं? चार वर्षं म्हणजे मी पंचाहत्तरची होईन, वोल्फ्राम. मी कुणाला काय नाकारलं होतं?"

त्याने डोळे मिटून घेतले. कागद त्याच्या मांडीवर तसाच कोरा राहिला, अर्धा. खाली औषधवाल्याने बेल वाजवली. मी भिंतीला धरून जिना उतरायला लागले.