रेघेवरचा चुना

तीर्थपुरीच्या सप्ताहात पाचव्या दिवशी दुपारचं कीर्तन बाईमाणसानं करायचं, असा रिवाज. यंदा नारदांच्या गादीवर अक्षता उभी राहणार होती आणि आख्यान सांगणार होती आपल्या आजीचं, साखराबाईंचं. अख्खं आयुष्य त्यांनी अक्षताला सांगितलं होतं. एक गोष्ट तेवढी पोटात ठेवली होती.

अक्षतानं झांज वाजवली. पेटीवर साथीला बसलेल्या कल्याणनं सूर धरला.

"मायबाप हो, माझे पणजोबा मेंढरं विकून जालन्याला आले अन् साहेबांच्या क्लबात माळी झाले. टेनिसचं मैदान रोज रोलर फिरवून सपाट करायचं, चुन्यानं रेघा मारायच्या. तारा तुटलेली एक रॅकेट साहेबानं टाकून दिली, तिला पणजोबानं सुतळी विणली. त्या सुतळीवर माझी आजी खेळ शिकली."

बायका हसल्या. खांबाशी बसलेल्या साखराबाईही हसल्या. सुतळीला चेंडू लागला की ढब्ब आवाज यायचा, तो त्यांना अजून ऐकू येत होता.

"एकदा कलेक्टरीणबाईंना जोडीला कुणी मिळंना. आजी काष्टा घालून उतरली. तिथून पाच वर्षं परभणी, नांदेड, औरंगाबादला सामने. पैका घ्यायचा न्हाई, असा त्या खेळाचा नेम. एसटीचं तिकीट अन् चहा-बिस्कीट, बस."

"सासूनं जाऊ कसं दिलं गं?" गिरिजाबाईंनी मागून विचारलं.

"माहेरी चालले म्हणायची. मैदान माहेरातच होतं की, मावशी."

मंडप खदखदून हसला. मग अक्षतानं आवाज खाली आणला आणि शेवटचा सामना मांडला. समोर नांदेडच्या डॉक्टरांची रेणुका. साखराला एकच गुण हवा. रेणुकानं चेंडू लांब मारला, पंचानं बाहेर म्हटलं आणि कप आजीच्या सासरी, तीर्थपुरीला आला. आजीनं तो देवाला वाहिला. गावाच्या कपाळाला बुक्का लागतो, तो त्याच कपातला.

"अन् पाच वर्षांत माझ्या आजीनं एक गुण खोटा घेतला न्हाई."

"अक्षता, थांब बाई."

कीर्तनात मधे कुणी उठत नाही. साखराबाई खांब धरून उठल्या, तशी पेटी थांबली.

"त्या गादीवरून खोटं जाऊ नये. तुझा दोष न्हाई, मीच सांगितलं न्हाई तुला. तो चेंडू रेघेवर पडला होता. चुना उडलेला मी बघितला. माझ्या बापानं जल्मभर चुना मारला, मला कळणार न्हाई का? पंचाला दिसलं न्हाई अन् मी गप बसले. कप घरात ठेववंना, म्हणून देवापुढं आणला. तुम्ही म्हणलात, केवढी भक्ती."

साखराबाईंना वाटलं, आता ही पोर गादीवरून उतरेल. पोरीच्या पहिल्या कीर्तनाची आपण माती केली.

अक्षतानं पदरानं डोळे पुसले. "आजी, तो चेंडू बराबर धरला, तर सामना कुठं येतो?"

"बरोबरीवर. तिथून पुढं दोन गुण लागोपाठ घेईल तिचा डाव."

"मंग तिथवरच सांगते."

आणि तिनं तो डाव पुन्हा सांगायला घेतला. रेणुकाचा हात मागं गेला, चेंडू निघाला, रेघेवर पडला, पांढरा चुना बोटभर उडाला. तिथं अक्षता थांबली. सगळा मंडप त्या चुन्याकडं बघत राहिला.

"मंग जिंकलं कोण?" गिरिजाबाईंना राहवलं नाही.

"अजून कुणीच न्हाई, मावशी," म्हणत अक्षतानं विठ्ठलनामाचा गजर धरला. साखराबाईंनी शेजारणीचे टाळ घेतले. ठेका एकदाही सुटला नाही.

आरतीनंतर अक्षता कप घेऊन आली आणि पहिला बुक्का तिनं आजीला लावला. रिवाजाप्रमाणं साखराबाई नातीच्या पाया पडायला वाकल्या. कीर्तनकाराला वय नसतं.

उठता उठता त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या त्या फोनवर नांदेडची रेणुका सापडती का बघ. असली जिती, तर कप घेऊन जाऊ. आधी विचारीन तिला, चुना तुलाबी दिसला होता का."

"अन् दिसला असला तर?"

"तर म्हणीन, रॅकेट काढ."