शिडीकाकांचे न वाचलेले मेसेज

नव्या फ्लॅटमध्ये शिडी हॉलमध्ये सुरू व्हायची आणि बेडरूममध्ये संपायची. त्यामुळे बेडरूमचं दार गेले कित्येक महिने लागलं नव्हतं, आणि सकाळचा चहा घेऊन जाताना काकूंना रोज रूळ ओलांडल्यासारखं वाटायचं.

"एक दिवस मी यात पाय अडकून जाईन," त्या म्हणायच्या, "आणि लोक म्हणतील शिडीवरून पडली. अहो, ती आडवी होती, हे सांगायला मी नसणार."

शेवटी तोडगा निघाला. म्हणजे काकूंनी तो काढला आणि बाकीच्यांना कळवला. रविवारी जुनं सामान नेणारा माणूस येणार होता आणि शिडी घेऊन जाणार होता. शिडीकाकांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त लेकीपुढे आपला बटणांचा फोन ठेवला. त्याची बॅटरी पुरीसारखी फुगली होती आणि मागचं झाकण रबरबँडच्या भरवशावर होतं.

"यातले मेसेज तुझ्या त्या नव्या कॉम्प्युटरवर घे," ते म्हणाले. "शिडी जाते तर जाऊ दे. पण लोक आपल्याला बोलवत होते, एवढं तरी कुठेतरी राहायला हवं."

लेक दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाचा विचार करून तिच्या स्वतःच्या तोंडून फारसं काही निघत नसे. "बरं," ती म्हणाली आणि केबल शोधायला गेली.

शिडीकाकांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहिले मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत. लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी ती आतून पाहिली होती. त्या जुन्या चार मजली इमारतीत शिडी एकच, आणि ती यांची. ती कुणालाही मिळायची, पण एका अटीवर: शिडी एकटी कुठे जायची नाही. काका स्वतः ती खांद्यावर घेऊन यायचे, भिंतीला टेकवायचे आणि काम होईपर्यंत खालून धरून उभे राहायचे.

आता शिडीवर चढलेल्या माणसाचं असं असतं की त्याचे हात गुंतलेले असतात, नजर भिंतीवर असते आणि खाली ऐकणाऱ्याचं तोंड त्याला दिसत नाही. अशा अवस्थेत माणूस खरं बोलतो. तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याने दुकानाची पाटी सरळ करता करता सांगून टाकलं होतं की त्याला स्वतःला लांबचं काही दिसत नाही, पाटी सरळ झाली का ते काकांनीच सांगावं. दुसऱ्या मजल्यावरचे भूमितीचे मास्तर पडद्याचा रॉड बसवताना म्हणाले होते की त्यांना खरं तर गायक व्हायचं होतं, आणि लगेच दोन ओळी म्हणूनही दाखवल्या होत्या. काकांनी त्यानंतर कुणालाच काही सांगितलं नाही, त्या दोन ओळींबद्दल तर नाहीच. अशी वर्षं गेली. अर्ध्या इमारतीला ते चेहऱ्यापेक्षा टाचांवरून जास्त ओळखू लागले होते. जिन्यात समोरून कुणी आलं की त्यांची नजर आधी खाली जायची, आणि मग ते म्हणायचे, "अरे, तू होय."

मग इमारत पाडायला काढली, माणसं चार दिशांना पांगली, आणि शिडी पाचव्या मजल्यावर येऊन आडवी झाली. नव्या इमारतीत दोन लिफ्ट होत्या आणि बल्ब बदलायला पगारी माणूस. काकांना कुणी विचारलं नाही. चूक कुणाचीच नव्हती. ते कोण आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी लेकीने केबल जोडली. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीच्या उत्साहाने सरकू लागली.

"आधी आलेले मेसेज येतील, मग तुम्ही पाठवलेले," ती म्हणाली. "मी लॅबमध्ये जाऊन येते. एका गृहस्थांना उद्या लग्नात हसायचंय. तुम्ही कशाला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय हात?" शिडीकाका म्हणाले.

ती गेल्यावर थोड्या वेळाने कॉम्प्युटरने टुंग केलं. मग परत टुंग केलं. मग ते इतक्या वेळा झालं की काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दार बघा हो कोण आहे."

दारात कुणी नव्हतं. पडद्यावर मात्र गर्दी लोटली होती. सगळे मेसेज ठळक अक्षरांत, सगळे न वाचलेले, आणि प्रत्येकावर आजची तारीख. चष्मेवाला म्हणत होता: काका शिडी, पाटी परत वाकडी झाली. मास्तर म्हणत होते: शिडी घेऊन लवकर या, पाल आहे, मी टेबलावर उभा आहे, पण टेबल कमी पडतंय. तिसऱ्या मजल्यावरची पार्लरवाली म्हणत होती: काका, माळ्यावरून सुटकेस काढायचीय, आत्ता, कुणाला सांगू नका. आणि त्याच्या खाली तीच: काका, सुटकेस परत ठेवायचीय.

शिडीकाकांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग काकूंना हाक मारली.

"अगं, सगळ्यांना एकदम शिडी हवीय."

"एकदम? संप झालाय का कसला?"

"संप कसला. नवी घरं आहेत सगळ्यांची. पडदे लावायचे असतील, पंखे बसवायचे असतील." त्यांना ते इतकं पटलं की ते खुर्चीत ताठ बसले. "आणि मास्तर अजून टेबलावरच आहेत."

"मग उत्तर द्या ना," काकू म्हणाल्या. "ताटकळत कशाला ठेवायचं माणसाला?"

फोन केबलला जोडलेला होता आणि त्या प्रोग्रामला मेसेज पाठवताही येत होते. लेकीने हात लावू नका म्हटलं होतं, पण लोक खोळंबलेत हे तिला कुठे माहीत होतं. काकांनी एका बोटाने, एकेक अक्षर वेचत, सगळ्यांना उत्तरं लिहिली. चष्मेवाल्याला लिहिलं, रविवारी आणतो. मास्तरांना लिहिलं, तोवर हलू नका. पार्लरवालीला लिहायला जरा वेळ लागला. मग त्यांनी लिहिलं, काढू, पण आधी नीट विचार कर. आणि दुसऱ्या मेसेजला लिहिलं, ठेवू, यातही वाईट काही नाही.

दुपारपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती काकूंनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. ते शिडीजवळ गेले, फडक्याने एकेक पायरी पुसली आणि म्हणाले, "त्या सामानवाल्याला नको म्हणून सांग."

लेक आली तेव्हा ते शिडीला तेल लावत होते.

तिने पडद्याकडे पाहिलं. मग शिडीकडे. मग पुन्हा पडद्याकडे. "बाबा," ती म्हणाली, "हे जुने आहेत."

"आजची तारीख आहे त्यावर."

"फोनचं घड्याळ बंद पडलं होतं. प्रोग्रामने सगळ्यांवर आजची तारीख मारली. आणि न वाचलेले म्हणून दाखवले. ही पाल कधीची आहे तुम्हाला आठवत नाही?"

शिडीकाकांना आता आठवली. पाल गेल्यावरही मास्तर शिडीच्या टोकावर बसून राहिले होते आणि तिथूनच त्यांनी दहावीचे पेपर तपासले होते. काकांनी फडकं घडी करून ठेवलं.

"म्हणजे कुणालाच नकोय."

लेक म्हणाली, "मी कळवते सगळ्यांना, चुकून गेले म्हणून." पण तोवर उत्तरं यायला लागली होती.

चष्मेवाल्याने लिहिलं होतं: काका, दुकान विकलं, पाटी आता दुसऱ्याच्या नावाची आहे, वाकडीच राहू दे. मास्तरांनी लिहिलं होतं: कृपया कळवावे, मी नेमके कुठून हलू नये? सकाळपासून सोफ्यावर आहे, सौ. चिडल्या आहेत. एकाने फक्त लिहिलं होतं: कोण? तो मेसेज काकांनी दोनदा वाचला.

पार्लरवालीचं उत्तर संध्याकाळी आलं. लेकीने मोठ्याने वाचलं. "काका, शिडी माझ्याकडे आहे. घडीची घेतली. पण खालून धरायला कुणी नाही. उद्या येता का?"

"शिडी आहे तर मला कशाला बोलावते?" शिडीकाका म्हणाले.

"वाचलं ना आत्ता," काकू म्हणाल्या. "धरायला."

"भिंतीला टेकवली की राहते ती."

"मग इतकी वर्षं तुम्ही खाली उभे राहून काय करत होतात?"

या प्रश्नाचा शिडीकाकांनी याआधी कधी विचार केला नव्हता. त्यांनी तो रात्री जेवताना केला आणि सकाळी दाढी करून बाहेर पडले. निघताना शिडी ओलांडली. काकूंनी विचारलं, "सामानवाला आला तर?" ते म्हणाले, "फोन कर." बस बदलून जावं लागलं.

पार्लरवालीच्या घरात खोली एकच होती, पण त्यात आरसे तीन होते, त्यामुळे आल्या आल्या तीन शिडीकाका भेटले. तिने केस कापून घेतले होते. काकांनी सवयीने आधी खाली पाहिलं आणि मग म्हणाले, "हां, तूच."

तिने घडीची शिडी उघडून दाखवली. काकांनी ती हलवून पाहिली.

"ही शिडी आहे की खुर्चीची थोरली बहीण?"

"एवढीच बसते इथे. चढू का?"

"चढ. मी धरलंय."

ती चढू लागली तेवढ्यात त्यांच्या खिशात रबरबँड लावलेला फोन वाजला. काकूंचा होता. "अहो, तो माणूस आलाय. शिडी बघतोय. देऊ का परत पाठवू?" मागे लेक कुणाला तरी सांगत होती, दारातून तिरकी काढा, तिरकी.

शिडीकाकांचा एक हात शिडीवर होता. दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरल्यामुळे शिडी जराशी डुगडुगली. वर पार्लरवालीने भिंतीचा आधार घेतला.

"देऊन टाक," ते म्हणाले. "मी कामात आहे." फोन खिशात गेला आणि दोन्ही हात शिडीवर आले.

वर काहीच हालचाल नव्हती. माळ्याचं दार बंद होतं. बल्ब छान पेटलेला होता.

"काय काढायचंय?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

"ठेवायचंय?"

"नाही काका."

"मग चढलीस कशाला?"

ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. "सांगायचंय काहीतरी," ती म्हणाली. "कधीपासून. खाली उभं राहून जमत नाही." आणि मग तिने मान वळवून खाली पाहिलं, आणि घडीची शिडी एवढी बुटकी होती की दोघांची तोंडं जवळजवळ समोरासमोर आली. दोघंही अवघडले.

शिडीकाकांनी शिडीवरची पकड घट्ट केली, नजर तिच्या टाचांवर आणली आणि म्हणाले, "आणखी एक पायरी चढ. अजून दिसतोय मी तुला."